कल्याणच्या शाळेत शिकलेल्या या टिळकांनी बायबलमधला एक उपदेश स्वतःच्या घरात जगून पाहिला

शहाडच्या उड्डाणपुलाचं नाव काढलं की कल्याण-उल्हासनगरकरांना सगळ्यात आधी ट्रॅफिक आठवतं. पण हा पूल ज्या रस्त्यावर आहे तो रस्ता बराच लांब जातो. कल्याण सोडलं की शहाड, मग मुरबाड, माळशेज घाट, आळेफाटा आणि शेवटी अहमदनगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर. पुलाखालची रेल्वे मात्र वेगळीच वाट धरते. ती कसाऱ्याकडे आणि पुढे घाट चढून नाशिकला जाते.

दीडशे वर्षांपूर्वीच्या एका मुलाचं आयुष्य या तीन गावांना बांधलेलं होतं. सुरुवातीची शाळा कल्याणला, पुढचं शिक्षण नाशिकला आणि आयुष्यभराचं काम अहमदनगरला.

त्या मुलाचं नाव नारायण वामन टिळक.

टिळक म्हटलं की लोकमान्य डोळ्यांसमोर येतात. हे टिळक वेगळे. दोघंही रत्नागिरी जिल्ह्यातले, दोघंही चित्पावन, दोघंही एकाच काळातले. लोकमान्यांचा जन्म १८५६ चा, नारायणरावांचा १८६१ चा. लोकमान्य गेले १९२० साली, नारायणराव त्याच्या आदल्या वर्षी. एकाने स्वराज्याची चळवळ उभी केली. दुसरा ख्रिस्ती झाला, आणि बायबलमध्ये जे लिहिलंय ते रोजच्या जगण्यात उतरतं का, हे त्यानं स्वतःच्या संसारावर तपासून पाहिलं.

ही तपासणी सोपी नव्हती. तिची किंमत सगळ्यात जास्त मोजली ती त्यांच्या बायकोनं. आणि पुढे ती सगळी हकिकत लिहूनही ठेवली तिनंच.

कल्याण, मग नाशिक

नारायणरावांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, दापोलीजवळच्या करजगावचा. वडील वामनराव सरकारी नोकरीत, स्वभावानं अतिशय कडक. आई जानकीबाई मायाळू, कवितेची आवड असलेली. कवितेचा नाद मुलाला आईकडून लागला.

साधारण १८६९ ते १८७३ या काळात नारायणाचं प्राथमिक शिक्षण कल्याणला झालं. तेव्हाचं कल्याण म्हणजे खाडीकाठचं जुनं बंदर आणि नुकतीच रेल्वे आलेलं गाव. ठाण्याहून कल्याणला पहिली गाडी आली १८५४ साली, त्यामुळे ती पंधरा-वीस वर्षांमागचीच गोष्ट होती. 

आई लवकर गेली. वडिलांच्या धाकात वाढलेल्या मुलाला घरात बांधून ठेवणारं मग काहीच उरलं नाही. त्यानं घर सोडलं आणि नाशिक गाठलं. तिथे वेदशास्त्रसंपन्न गणेशशास्त्री लेले यांच्याकडे तो संस्कृत शिकला. शाळेत जाऊन थोडं इंग्रजीही शिकला. पण पोटापाण्यासाठी शिक्षण अर्धवट सोडावं लागलं.

१८८० च्या सुमारास त्याचं लग्न झालं. मुलगी नाशिकजवळच्या जलालपूरची, गोखल्यांची मनकर्णिका. वय अवघं अकरा-बारा. लग्नानंतर तिचं नाव झालं लक्ष्मी. पुढे सगळा महाराष्ट्र तिला लक्ष्मीबाई टिळक म्हणून ओळखू लागला.

लक्ष्मीबाईंचं माहेर कमालीचं सोवळं होतं. त्यांच्या आजोबांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली होती आणि त्या धक्क्यानंतर त्यांच्या वडिलांनी सोवळ्याचा इतका ध्यास घेतला की घरातल्या सगळ्यांचा जीव मेटाकुटीला येई. अशा घरातून आलेल्या मुलीच्या नशिबात पुढे काय वाढून ठेवलंय, याची तेव्हा कुणालाच कल्पना नव्हती.

एका जागी न टिकणारा नवरा

तरुण टिळक एका जागी स्थिर राहणारे नव्हते. कुठे मास्तरकी, कुठे कीर्तन, कुठे कविता, कुठे पुराण सांगणं. एक नोकरी धरायची, मन उडालं की सोडायची आणि दुसऱ्या गावाला जायचं. खिशात पैसे असले तर समोर येणाऱ्याला देऊन टाकायचे. घरात पीठ आहे का, हा प्रश्न लक्ष्मीबाईंच्या वाट्याला.

नागपूरला त्यांना धनिक अप्पासाहेब बुटी यांचा आश्रय मिळाला. तिथे संस्कृत ग्रंथांचं काम होतं, विद्वानांची ऊठबस होती. पण टिळकांच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. जातीभेद त्यांना पटत नव्हता. जातीनं माणसामाणसांत भिंती घातल्यात आणि त्या पाडल्याशिवाय देश उभा राहणार नाही, हे त्यांचं मत झालं होतं. सगळ्यांना सामावून घेईल असा एखादा नवा धर्मच मांडावा, इथपर्यंत त्यांची मजल गेली होती.

१८९३ च्या सुमारास त्यांना राजनांदगाव संस्थानात नोकरी लागली. आज हे गाव छत्तीसगडमध्ये येतं. तिकडे जाताना गाडीच्या डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. तो अदबीनं बोलला. संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या, धर्मावर झाल्या. उतरण्याआधी त्यानं टिळकांच्या हातात बायबलचा नवा करार ठेवला, वाचायचं वचन घेतलं आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीतही करून टाकलं. तो प्रवासी कोण होता हे टिळकांना शेवटपर्यंत कळलं नाही.

टिळकांना ते भाकीत हास्यास्पद वाटलं. पण शब्द दिला होता, म्हणून त्यांनी पुस्तक उघडलं.

तीन अध्यायांत असं होतं तरी काय?

मत्तयाच्या शुभवर्तमानात पाचवा, सहावा आणि सातवा असे तीन अध्याय आहेत. येशू एका डोंगरावर बसून लोकांना शिकवतो, म्हणून त्याला डोंगरावरील प्रवचन म्हणतात. टिळक तिथे पोचले आणि अडकले.

या प्रवचनात देव कसा आहे याच्या शास्त्रचर्चेपेक्षा माणसानं कसं वागायचं हेच जास्त आहे. गरीब, नम्र आणि शांतता करणारी माणसं धन्य आहेत. शत्रूवरही प्रेम करा. मागणाऱ्याला द्या आणि उसनं मागायला आलेल्याकडे पाठ फिरवू नका. दान करताना गाजावाजा नको. देव आणि पैसा या दोन धन्यांची चाकरी एकाच वेळी होत नाही. उद्याची चिंता आज नको. दुसऱ्याचा न्याय करण्याआधी स्वतःकडे बघा. भावाशी भांडण असेल तर देवापुढचं अर्पण तिथेच ठेवा, आधी जाऊन समेट करा.

प्रवचनाचा शेवट घराच्या दाखल्यानं होतो. ऐकून त्याप्रमाणे वागणाऱ्याचं घर खडकावर उभं राहतं. नुसतं ऐकणाऱ्याचं वाळूवर, आणि पूर आला की ते कोसळतं.

त्याच वर्षांत जगातली आणखी दोन माणसं याच तीन अध्यायांशी झुंजत होती. रशियात टॉलस्टॉयनं या प्रवचनाच्या आधारे एक पुस्तक लिहिलं, ते १८९४ साली बाहेर आलं. दक्षिण आफ्रिकेत एक तरुण गुजराती वकील ते पुस्तक वाचून हलून गेला. त्याचं नाव मोहनदास गांधी. गांधी हिंदूच राहिले. टॉलस्टॉयचं रशियातल्या चर्चशी बिनसलं. टिळकांनी तिसरा रस्ता धरला.

बाप्तिस्मा

टिळक सुरुवातीला नाव न कळवता मुंबईच्या ख्रिस्ती मंडळींशी पत्रव्यवहार करत होते. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट यांच्याशी त्यांचा संबंध आला. पुढे तुकाराम, एकनाथ, बहिणाबाई यांची इंग्रजी वाचकांना ओळख करून देणारे ॲबट ते हेच.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या काळात एका ब्राह्मणानं ख्रिस्ती होणं म्हणजे काय, हे आज नीट समजून घ्यायला हवं. बाबा पदमनजी १८५४ साली ख्रिस्ती झाले होते, पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडमध्ये. दोघांनाही समाजाचा रोष सोसावा लागला होता. धर्म बदललेला माणूस घरच्यांसाठी मेल्यातच जमा व्हायचा. पंगत तुटायची, पाणी तुटायचं, आप्त तुटायचे.

टिळकांनी हे सगळं स्वतःपुरतं स्वीकारलं होतं. पण त्यांची बायको काही स्वतःहून त्या वाटेला गेली नव्हती. तिला एक दिवस एवढंच कळलं, की नवरा ख्रिस्ती झाला.

लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. नवरा जिवंत, पण त्याच्या घरी राहायची सोय नाही. पदरात लहानगा दत्तू. लोकांच्या नजरा चुकवायच्या, टोमणे ऐकायचे. त्या दुःखानं त्यांची अवस्था वेड लागल्यासारखी झाली. पंढरपूरला बहिणीच्या घरी त्यांनी दिवस काढले. शेजारी विठ्ठलाचं देऊळ, आणि मनात एकच प्रश्न, की आपलं असं काय चुकलं.

टिळकांनी ज्या उपदेशासाठी घर सोडलं त्यात समेटाला अर्पणाच्याही आधी जागा होती. आणि त्यांच्याच पावलानं त्यांचं सगळ्यात जवळचं माणूस मोडलं होतं. डोंगरावरच्या प्रवचनाची पहिली परीक्षा चर्चच्या व्यासपीठावर झाली नाही. ती अशी घरातच झाली.

पाच वर्षं

जवळजवळ पाच वर्षं नवरा-बायको वेगळे राहिले. टिळक स्वभावानं तापट आणि उतावीळ होते. लक्ष्मीबाईंनी त्यांच्या रागाची वर्णनं पुढे काहीही न लपवता केली आहेत. पण या पाच वर्षांत टिळकांनी दुसरं लग्न केलं नाही, नातं तोडलं नाही. पत्रं चालू ठेवली.

हळूहळू लक्ष्मीबाईंनीच ठरवलं, की धर्म नवऱ्याचा बदलला असेल, संसार आपला आहे. दत्तूला घेऊन त्या नगरला आल्या. आल्या त्या हिंदू म्हणूनच. आपलं पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा, सोवळं वेगळं. टिळकांनी त्याला आडकाठी केली नाही. बायकोवर धर्म लादायचा नाही, ही गोष्ट त्यांनी पाळली.

एकाच संसारात दोन धर्म, ही त्या काळात अजब गोष्ट होती. ख्रिस्ती मंडळींना ती विचित्र वाटे आणि ब्राह्मण नातेवाइकांना ती असह्य होई.

मग लक्ष्मीबाईंच्या मनात एक विचार सुरू झाला. जात देवानं केली की माणसानं? देवानं केली असती तर जनावरांच्या जातींसारखी ती शरीरावर दिसली असती. माणसामाणसांत तर तसं काही दिसत नाही. मग ही माणसाचीच करणी. सोवळ्याच्या धाकात वाढलेल्या या बाईनं एकटीनं विचार करून निर्णय घेतला, की आता कुणाच्याही हातचं खायचं आणि प्यायचं.

जातीची भिंत अशी आधी पडली. बाप्तिस्मा नंतर झाला. १९०० साली राहुरीला लक्ष्मीबाई आणि दत्तू ख्रिस्ती झाले.

नवऱ्याच्या उपदेशानं जे झालं नाही ते त्याच्या थांबण्यानं झालं, असं या सगळ्यावरून दिसतं. आणि ते झालं लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या डोक्यानं.

घर की धर्मशाळा

१८९९-१९०० चा काळ म्हणजे महाराष्ट्रातल्या भीषण दुष्काळाचा काळ. त्याच्याच मागे-पुढे प्लेग. नगर जिल्ह्यात अनाथ पोरं रस्त्यावर आली होती. मिशनच्या शाळा आणि वसतिगृहं भरून गेली.

टिळकांचं घरही भरलं. कुणाला आई-बाप नाहीत, कुणाला शिकायचंय, कुणाला दोन वेळचं जेवण हवंय. टिळक अशा पोरांना घरी घेऊन यायचे. काही आठवडाभर राहायची, काही वर्षानुवर्षं. काहींना त्यांनी पोटच्या मुलांसारखंच वाढवलं.

मागणाऱ्याला द्या, हे वाक्य टिळकांनी अगदी शब्दशः घेतलं होतं. पगार हातात आला की वाटेत कुणीतरी गरजू भेटायचाच. बाजारातून काय आणायला सांगितलं होतं हे ते विसरायचे, भलतंच काहीतरी घेऊन यायचे. उद्याची चिंता करू नका, हे नवरा पाळायचा, आणि उद्या चुलीवर काय चढवायचं याची चिंता बायको करायची.

या बाबतीत लक्ष्मीबाईंचं लिखाण वाचताना हसूही येतं आणि पोटात तुटतंही. एखाद्याचं औदार्य बाहेरून फार सुंदर दिसतं. घरात मात्र त्याचा हिशोब दुसऱ्याच कुणाला तरी जुळवावा लागतो. पण त्याच लक्ष्मीबाई प्लेगच्या साथीत वसतिगृहातल्या मुलींची जबाबदारी अंगावर घेऊन उभ्या राहिल्या. अंगणात कुणाचंही लेकरू आलं तरी ते आपलंच, ही सवय आता दोघांची झाली होती.

याच घरात एक तरुण कवी राहायला आला. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी. १९०७ साली जळगावला कविसंमेलन झालं, तिथे हा पोरगा चमकला आणि त्याला बालकवी हे नाव मिळालं. टिळकांनी त्याला नगरला आणलं. टिळकांच्या घरी तो मुलासारखा राहिला, शिकला, कविता करत राहिला. त्यानं ख्रिस्ती व्हावं असा दबाव कुणी आणला नाही आणि तो झालाही नाही. १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले, तेव्हा टिळक पती-पत्नीला पोटचा मुलगा गेल्यासारखं दुःख झालं.

कोटपँट नको, अभंग हवा

घराबाहेर टिळकांची दुसरी लढाई चालली होती.

अमेरिकन मराठी मिशन मुंबईत आलं १८१३ साली, नगरला १८३१ साली. या मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले, दलित वस्त्यांत काम केलं. पण त्यांच्यासोबत विलायती रीतीही आल्या. बाकं, पेटीच्या परदेशी चाली, भाषांतरित गाणी, कुठे नावं बदलणं, कुठे पेहराव बदलणं. गावकऱ्यांचा समज असा झाला, की ख्रिस्ती होणं म्हणजे साहेब होणं.

टिळकांना हे मान्य नव्हतं. त्यांनी स्वतःचं नाव बदललं नाही, आडनाव बदललं नाही, आपलं मराठीपण सोडलं नाही. त्यांचं म्हणणं होतं, की तुकारामाच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो. वारकरी संतांनी माणसाला देवाशी थेट बोलायला शिकवलं, आणि त्याच भाषेत ख्रिस्ताशी बोलता येतं.

शहाडच्या बिर्ला मंदिरात विठ्ठलापुढे ज्या छंदातले अभंग म्हटले जातात, त्याच छंदात टिळकांनी ख्रिस्तावर रचना केल्या. भजनं लिहिली, ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. टाळ आणि मृदंग चर्चमध्ये आणला. मराठी चर्चच्या भजनसंग्रहात त्यांच्या शंभराहून अधिक रचना आहेत, आणि मुंबई-ठाण्यापासून अहिल्यानगरपर्यंत मराठी मंडळी रविवारी त्या गातात. अनेकांना ती पाठ असतात, पण कुणी लिहिली हे ठाऊक नसतं.

१९०४ मध्ये त्यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली. नगरच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत ते शिकवत. १९१२ पासून त्यांनी ‘ज्ञानोदय’ या साप्ताहिकाचा मराठी विभाग सांभाळला. १८४२ साली सुरू झालेलं हे पत्र महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या पत्रांपैकी एक.

चर्चबाहेरच्या मराठी वाचकांना टिळक माहीत होते ते वेगळ्याच कारणानं. त्यांना फुलांचे आणि मुलांचे कवी म्हणत. शिकाऱ्याच्या बाणानं घायाळ झालेल्या पक्ष्यावरची त्यांची ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता शाळेत कित्येक पिढ्या शिकल्या. ती वाचताना कुणाला कवीचा धर्म आठवत नाही. दुबळ्या जिवाविषयीची जी कणव डोंगरावरच्या प्रवचनात त्यांना सापडली, तीच त्या पक्ष्याविषयी त्यांना वाटत होती.

पगार सोडला

पण एक गोष्ट टिळकांना टोचत राहिली. ती म्हणजे पगार.

मिशनचा पगार परदेशातून येणाऱ्या पैशांतून व्हायचा. त्यामुळे धर्माबद्दल काहीही बोललं की लोकांना वाटायचं, हा पगारी माणूस आहे, बोलणारच. देव आणि पैसा हे दोन धनी एकत्र चालत नाहीत, हे वाक्य त्यांना स्वतःकडेच बोट दाखवतंय असं वाटू लागलं. शिवाय गोऱ्या मिशनऱ्यांच्या हाताखाली मराठी ख्रिस्ती माणूस कायम धाकटाच राहतो, हेही त्यांना खुपत होतं.

१९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली. साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ नावाची एक मंडळी सुरू केली. तिची अट आगळीच होती. ख्रिस्ताच्या मार्गानं चालू इच्छिणारा कुणीही आत येऊ शकतो, मग त्यानं बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो. म्हणजे कागदावरचा धर्म कोणता हे विचारायचं नाही, वागणं कसं आहे ते बघायचं.

मिशनमधल्या काहींना हे धाडस वाटलं, काहींना धोक्याचं वाटलं. बाप्तिस्माच गरजेचा नसेल तर चर्च कशासाठी, हा प्रश्न रास्तच होता. दुसरीकडे टिळकांचाही प्रश्न रास्त होता. सगळे विधी पार पाडलेला माणूस शेजाऱ्याला जातीवरून दूर ठेवत असेल, तर त्याला ख्रिस्ती कशाला म्हणायचं?

या वादाचा निकाल लागायला टिळकांना वेळच मिळाला नाही. ते आजारी पडले. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. पगार सोडून दोन वर्षंही पुरती झाली नव्हती. त्यांच्या मागे कुठलीही मोठी संस्था उभी राहिली नाही.

तरी बी पडलं होतं. त्यांचे सहवासी असलेले इंग्रज पाळक जॅक विन्स्लो यांनी टिळकांचं इंग्रजी चरित्र लिहिलं आणि १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ सुरू केला. पुण्यातल्या या संघात भारतीय आणि युरोपीय लोक आश्रमासारखं एकत्र, साधेपणानं राहत. पुढे आदिवासींमध्ये आयुष्य घालवणारे व्हेरियर एल्विन १९२७ साली भारतात आले ते याच संघात.

बायकोनं लिहिलेली साक्ष

टिळकांनी येशूचं चरित्र ओव्यांमध्ये लिहायला घेतलं होतं. नाव ‘ख्रिस्तायन’. दहा अध्याय पुरे झाले, अकरावा अर्ध्यावर राहिला आणि ते गेले.

लक्ष्मीबाईंनी तो कागद उचलला. शाळेचं तोंड न पाहिलेली ही बाई. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याच्या शिकवण्यानं. जोडाक्षरांशी त्यांची झटापट आयुष्यभर चालली. पण त्यांनी पुढचे चौसष्टहून अधिक अध्याय लिहून काढले. अखेरचा भाग दत्तूनं, म्हणजे देवदत्त टिळकांनी पुरा केला. सारे मिळून ७६ अध्याय.

आणि त्याच बरोबर त्यांनी लिहिली ‘स्मृतिचित्रे’. १९३४ पासून ती भागाभागानं प्रसिद्ध झाली. मराठीतल्या सर्वोत्तम आत्मचरित्रांत तिचं नाव आज हमखास येतं. लक्ष्मीबाई २४ फेब्रुवारी १९३६ रोजी गेल्या.

या पुस्तकात टिळक संत म्हणून येत नाहीत. ते रागावतात, भांडतात, रुसून घर सोडून जातात, पैसे उधळतात, बायकोला न विचारता आयुष्य उलटंपालटं करणारे निर्णय घेतात. आणि तेच टिळक चूक कळली की माघारी फिरतात, माफी मागतात, अनाथ पोराला कुशीत घेतात, बायकोला लिहायला वाचायला शिकवतात, तिच्या कवितेचं कौतुक करतात.

आपल्याकडे मोठ्या माणसांची चरित्रं बहुतेक शिष्य लिहितात. त्यात सगळं गोड असतं. टिळकांच्या आयुष्याची साक्ष दिली ती त्यांच्यामुळे सगळ्यात जास्त भोगलेल्या माणसानं. तिला तक्रार करायला भरपूर जागा होती. तिनं ती केलीसुद्धा. पण सगळं सांगून झाल्यावर त्याच माणसाचं अर्धवट राहिलेलं काम हातात घेऊन पुरं करायलाही तीच बसली.

डोंगरावरच्या प्रवचनातल्या दाखल्यात पूर घरावर येतो, आणि मगच घर कशावर बांधलंय ते कळतं. टिळकांच्या घरावर पूर आला तो त्यांच्याच निर्णयानं. पाच वर्षं ते घर पाण्याखाली होतं. नंतर ते पुन्हा उभं राहिलं, आणि त्यात अनाथ पोरांना जागा झाली, एका हिंदू कवीला जागा झाली, सोवळ्यात वाढलेल्या बाईच्या स्वतंत्र विचारालाही जागा झाली.

पुढच्या वेळी शहाडच्या पुलावर गाडी अडकली, तर समोरचा रस्ता कुठे जातो ते आठवून बघा. त्याच्या एका टोकाला टिळकांची शाळा होती. दुसऱ्या टोकाला त्यांचं आणि लक्ष्मीबाईंचं ते माणसांनी भरलेलं घर.